बिनतिकिटाची चौकशी

बलभीमराव भूमच्या स्टँडवर उतरले तेव्हा आठवडी बाजार ऐन भरात होता, आणि त्यांच्या हातातली पिशवी रिकामी होती.

चौकशीला निघालेल्या माणसानं चौकशीला निघाल्यासारखं दिसू नये, याची तयारी ते तेरपासून करत आले होते. खांद्यावरचं रोजचं उपरणं घरी ठेवलं होतं. टोपी मुद्दाम जुनी घातली होती. गाडीनं येडशी सोडल्यावर कपाळावरचा बुक्काही दस्तीनं पुसून टाकला होता, आणि पुसता पुसता मनातल्या मनात पांडुरंगाला म्हटलं होतं, "देवा, अर्ध्या दिवसाचा प्रश्न हाय, रागावू नको." पिशवीचं मात्र ध्यानातच आलं नाही.

काम भाचीचं होतं. बहिणीची, तुळजाबाईची, धाकटी लेक सृष्टी. तिला भूमचं स्थळ सांगून आलं होतं. मुलाचं नाव उत्कर्ष, वय अठ्ठावीस, घरची खव्याची भट्टी. मध्यस्थ म्हणाला होता, "सोन्यासारखं पोरगं. सुपारीचं खांड तोंडात न्हाय." पण मध्यस्थाच्या तोंडी सगळीच पोरं सोन्याची असतात. पोराकडच्यांना आज संध्याकाळपर्यंत निरोप हवा होता. बघायला यायचं की नाही, ते मामाच्या एका शब्दावर ठरणार होतं. तुळजाबाईचा नवरा कधीचाच गेलेला. त्यामुळं त्या घरातला पुरुषमाणसाचा शब्द म्हणजे बलभीमरावांचा.

आणि त्या शब्दाचीच त्यांना धास्ती बसली होती.

सहा वर्षांमागं थोरल्या भाचीच्या, शिवांजलीच्या वेळी असाच शब्द त्यांनी दिला होता. तेव्हा चौकशीला जायची गरजच पडली नव्हती. ढोकीच्या बाजूला एका गावात सप्ताह होता, बलभीमराव टाळकरी म्हणून बुवांच्या मागं उभे होते, आणि तो पोरगा कीर्तनात अगदी पुढच्या ओळीत बसला होता. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गंध, आणि करुणरसाला डोळ्यांत पाणी. बलभीमरावांनी मंडपातूनच तुळजाबाईला फोन लावला. "डोळं झाकून दे पोरगी. माळकरी हाय."

डोळे झाकूनच दिली. माळ गळ्यात ठेवून पिणारा माणूस त्यांनी तोवर पाहिला नव्हता. चारचौघांत त्याचा आवाज कधी चढला नाही. जे काय व्हायचं ते कडी लावल्यावर. दोन वर्षांनी शिवांजली एक कापडी पिशवी घेऊन माहेरी आली, ती परत गेली नाही. बलभीमरावांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून ह्या खेपेला मामा स्वतः, न कळवता, बाजाराच्या दिवशी.

भट्टीच्या समोरच चहाचं हॉटेल होतं. मालकाला सगळे कल्याणप्पा म्हणत होते. बलभीमराव भट्टी दिसेल असे बाकावर बसले. कढयांखालचा जाळ निवला होता. एक म्हातारा आणि एक बाई कढया घासत होते. लग्नाच्या वयाचा पोरगा काही दिसेना. दोन चहा झाले.

"अजून एक देऊ?" कल्याणप्पानं विचारलं.

"द्या. शेरडं बघाय आलोय. बाजार जरा उतरू द्यावा म्हणलं."

"शेरडाचा बाजार तिकडं पल्याड हाय. तुमी अर्धा तास झाला भट्टीकडं तोंड करून बसलाव."

"सावली हाय इथं."

कल्याणप्पानं फडकं खांद्यावर टाकलं आणि समोरच बैठक मारली. "पाव्हणं, तीस वर्सं झाली मला ह्या बाकावर चहा इकायला. रिकामी पिशवी घेऊन बाजाराला दोनच माणसं येत्यात. एक खिसेकापू, अन् दुसरा पोरीचा मामा. तुमच्या तोंडावरनं खिसेकापू वाटंना."

बलभीमरावांना चहाचा ठसका लागला. आता लपवण्यात अर्थ नव्हता, पण कबूल करणंही जिवावर आलं. त्यांनी मधला रस्ता काढला. "समजा असंल मामा. तर तुमी काय सांगचाल?"

"सांगायसारखं काय न्हाय. भट्टी पहाटंची. चारला दूध येतंय, धापर्यंत खवा निघतोय. दारू न्हाय, मटका न्हाय."

"मग आता कुठं हाय?"

कल्याणप्पा जरा घुटमळला. बलभीमरावांचे कान टवकारले. कीर्तनात बुवा जिथं अडखळतो, तिथं त्याचा अभ्यास कच्चा असतो, हे त्यांना चाळीस वर्षांच्या टाळकरीपणानं शिकवलं होतं.

"बाजारादिवशी दुपारचा टॉकीजात असतोय," कल्याणप्पा म्हणाला.

"टॉकीज चालू हाय व्हय भूमला?"

"बंद हाय. कवाच बंद पडली. तरी ह्यो तिथं पिच्चर दाखवतोय. फुकट."

"फुकट?"

"फुकट. तिकीट न्हाय, काय न्हाय. अन् पिच्चर असं की त्यात एक नट वळखीचा न्हाय. आपुन एकदाच गेलतो. एक माणूस अर्धा तास नुसता सायकल ढकलायलाय. म्या म्हणलं, ह्याच्यापरीस आपल्या गल्लीत उभारलं तर लई काय काय दिसतंय."

बलभीमराव उठले. बंद टॉकीज, दुपारची वेळ, अनोळखी नट आणि फुकट! त्यांच्या तरुणपणी बंद पडत आलेल्या टॉकीजांत सकाळच्या खेळाला काय दाखवायचे, ते त्यांना ऐकून माहीत होतं. तसलं नसलं तर दुसरं काही असणार. ढोकीला एकदा असंच फुकट बोलावलं होतं. चहा पाजला, बिस्किटं दिली, प्रत्येकाला प्लास्टिकची बादली दिली, आणि चार वाजेपर्यंत निम्म्या गावाच्या गळ्यात लोहचुंबकाच्या गाद्या मारल्या. बलभीमरावांच्या घरी ती गादी अजून होती. कुत्रंसुद्धा तिच्यावर झोपत नव्हतं.

टॉकीज बाजाराच्या मागच्या अंगाला होती. निम्म्या भागात कुणाच्या तरी मंडपाचे बांबू आणि कनाती रचलेल्या. दाराशी फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: "आज दुपारी तीन वाजता चित्रपट. फुकट. सगळ्यांनी यावे. बायाबापड्यांना बसायला वेगळी सोय आहे." शेवटची ओळ बलभीमरावांनी दोनदा वाचली. वेगळी सोय कशाला? कीर्तनातही बाया एका अंगाला बसतात, पण ते कुणी फळ्यावर लिहीत नाही.

दारात टेबल, टेबलावर वही, वहीपाशी तो.

ओळखायला वेळ लागला नाही. मध्यस्थानं मोबाइलवर फोटो दाखवला होता. सडसडीत, सावळा, बाह्या दुमडलेल्या. बलभीमरावांची नजर सवयीनं आधी गळ्यावर गेली. माळ नव्हती. मग त्यांनी स्वतःलाच दटावलं, गळा बघू नको, गळ्यानंच मागं घात केला. नजर हातांवर आली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत बारीक काळपट डाग. विडीचे चटके? का आणखी कसले?

"या काका, या. नाव-गाव लिहायलाव का? सक्ती न्हाय."

सक्ती नाही म्हणजे सापळा. बलभीमरावांनी पेन घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं नाव लिहिलं: धुळाप्पा, मुक्काम परंडा.

"परंड्याहून खास आलाव?" पोराला आनंद झालेला दिसला.

"शेरडं बघाय आलो होतो."

"मग आता माणसं बघा," म्हणून तो हसला. बलभीमरावांना ते हसू फार सफाईचं वाटलं.

आत पन्नास-साठ माणसं होती. बाजाराला आलेलीच, पायाशी पाट्या, कोंबड्या झाकलेली एक डालगी, भाजीचे भारे. लाकडी खुर्च्यांच्या पुढं मोकळ्या जागेत सतरंजी टाकली होती आणि बाया तिथं पाय पसरून बसल्या होत्या. ती वेगळी सोय म्हणजे एवढीच. बाजारात सकाळपासून उकिडवं बसलेल्या बाईला खुर्ची नको असते, पाय सोडायला जागा हवी असते. हे पोरानं ओळखलं होतं, का कुणी सांगितलं होतं? बलभीमरावांनी हे मनात नोंदवलं, पण गुण दिले नाहीत.

ते सतरंजीच्या जवळच्या खुर्चीवर टेकले. शेजारी खाली बसलेली बाई त्यांना ओळखीची वाटली. भट्टीवर कढई घासत होती तीच.

"तुमी भट्टीवरच्या न्हवं?"

"व्हय. सखूबाई. तुमी चहाच्या बाकावरचं न्हवं?"

बलभीमरावांनी टोपी सारखी केली. मग हळूच म्हणाले, "मालक कसा हाय तुमचा?"

"हेकट," सखूबाई ताडकन म्हणाली. "एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. बापाशी रोज वाद. जेवायला दहा हाका माराव्या लागत्यात. अन् खवा जरासंक करपला तर अख्खी कढई गायीला घालतोय, आमचं हात मोडायचं काम."

भट्टीवरची बाई म्हणजे गोडच बोलणार, असं त्यांनी धरलं होतं. हे वेगळंच निघालं. पण कुणास ठाऊक, हेही शिकवलेलं असेल.

"अन् हे फुकटचं कशापायी? त्याला काय मिळतंय?"

सखूबाईनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. "तुमी कीर्तनाला जाता का न्हाय?"

"जातो की."

"तिकीट काढता?"

"ती गोष्ट येगळी हाय."

"मग आसंल येगळी," म्हणून तिनं पदर सारखा केला आणि पडद्याकडं तोंड केलं.

पोरानं पुढं येऊन दोन शब्द सांगितले. हा पिच्चर परभणीकडच्या चार पोरापोरींनी आपल्या हिकमतीवर केलाय, त्यांना कुणी थेटर देत नाही, आणि आपल्याकडं थेटर आहे पण दाखवायला काही नाही. मध्ये उठलात तरी राग नाही, फक्त दार हळू लावा. एवढं बोलून तो खुर्च्यांच्या मधोमध टेबलापाशी गेला. तिथं संगणक आणि पडद्यावर उजेड टाकणारं छोटं यंत्र होतं. दिवे गेले.

पडद्यावर एक म्हातारी. विहिरीत तिची बादली पडलेली. झालं, एवढंच. ती दोराला लोखंडी गळ बांधते, विहिरीत सोडते, फिरवते, वर घेते. गळ रिकामा. पुन्हा सोडते. शेजारीण येऊन दोन शब्द बोलून जाते. पोरं येऊन हसून जातात. मुलगा येतो, "नवी आणतो की" म्हणतो आणि तसाच मोटारसायकलवर निघून जातो. म्हातारी पुन्हा गळ सोडते.

बलभीमराव वाट बघत होते. कीर्तनाची एक शिस्त असते. आधी अभंग, मग निरूपण, मग अर्थ पटावा म्हणून दृष्टांत. इथं नुसताच दृष्टांत चालला होता, त्याच्या मागं अभंगच नव्हता. अरे, सांगायचं काय आहे ते तर सांगा! घसरायला कुठं लागणार, विकायला काय काढणार, याच्यावर त्यांनी डोळा ठेवला होता. पण अर्धा तास झाला तरी ना गादी आली, ना उघडी बाई आली. आणि एक गोष्ट त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आली नाही: गळ खाली गेला की त्यांची मूठ आवळली जायला लागली होती.

मग ती जागा आली.

म्हातारी काठावर ओणवी झाली, दोर हातात, आणि सिनेमाचा आवाज गेला. एकदम. पाखरं बंद, रहाटाची करकर बंद, वारा बंद. पडद्यावर दोर हलतोय, म्हातारीचे ओठ हलतायत, आवाज कशाचाच नाही.

आता हे टाळकऱ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. कीर्तनात बुवांचा दोरा कधी तुटतो. आवाज बसतो, ओळ आठवत नाही, ठसका लागतो. त्या वेळी मागं उभ्या असलेल्यानं वाट बघायची नसते. लगेच नाम धरायचं, टाळ वाजवायचा, सभेला उघडं पडू द्यायचं नाही, बुवांना सावरायला वेळ द्यायचा. हाच धर्म. बलभीमरावांनी हे चाळीस वर्षं केलं होतं. थोरथोर बुवांची लाज त्यांच्या गळ्यानं राखली होती. डोक्यानं विचार करायच्या आत गळा कामाला लागायचा.

तसाच लागला.

"विठ्ठऽल, विठ्ठऽल..." बलभीमराव उभे राहिले, डोळे मिटले, आणि टाळ नव्हते म्हणून टाळ्या. खडा आवाज. बंद टॉकीजचं छत दणाणलं. आणि सभा काय परकी होती? एकेका गावात दोन दोन सप्ताह करणारी माणसं. सतरंजीवरून बायांनी उचललं, मागच्या खुर्च्यांवरून बाप्यांनी उचललं, कुणीतरी पत्र्याच्या पाटीवर ठेका धरला. डालगीतल्या कोंबड्यांनीही साथ केली. पाच-सात मिनिटं अशी गेली की बलभीमराव कुठं आलेत, कशाला आलेत, सगळं विसरले.

नाम हळूहळू खाली आणून त्यांनी सवयीप्रमाणं सोडलं. डोळे उघडले. पडद्यावर म्हातारी तशीच ओणवी, थिजलेली; सिनेमा थांबवलेला होता. आणि टेबलापाशी उत्कर्ष हात जोडून उभा होता.

"झालं का काका?" त्यानं विचारलं. आवाज शांत होता.

"तुमचा आवाज गेलता," बलभीमराव म्हणाले. "म्हणून म्या..."

"गेला न्हवता. तिथं आवाजच न्हाय." मग सगळ्यांकडं वळून म्हणाला, "दहा मिनटं मागं घेतो. पुन्हा बघू. बाजारात कुणाला घाई आसंल तर जावा, मी सांगतो पुढं काय झालं ते."

कुणी गेलं नाही. सिनेमा मागं गेला. पुन्हा शेजारीण, पुन्हा पोरं, पुन्हा मुलगा आणि त्याची मोटारसायकल. ह्या वेळी बलभीमरावांच्या ध्यानात आलं: मोटारसायकल दाराशी येऊन थांबली तरी म्हातारीनं मान वळवली नव्हती. शेजारीण बोलत होती तेव्हा ही तिच्या ओठांकडं बघत होती. मग ती जागा आली, आवाज गेला, आणि बलभीमरावांनी ओठ दातांखाली धरले. टॉकीजात साठ माणसांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. म्हातारीला ऐकायला येत नव्हतं. गळ बादलीच्या कडीवर आपटला तरी तिला कळणार नव्हतं. अख्ख्या सिनेमात हे कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं. तिनं डोळे मिटले नाहीत, कान लावला नाही. दोरावर हात ठेवून राहिली. मग हाताखालचा दोर थरथरला, आणि तिनं ओढायला सुरुवात केली.

दिवे लागल्यावर सखूबाई नाक पुसत होती. "बादली वर आलेली दाखवलीच न्हाय मेल्यांनी," ती म्हणाली.

बलभीमराव कुणाशी न बोलता बाहेर पडले. पाचची धाराशिव गाडी होती. मन भरून आलं होतं, आणि भरून आलेल्या मनाचाच त्यांना संशय येत होता. मागंही असंच भरून आलं होतं की! पण पोरगं चिडलं नाही, हात जोडून उभं राहिलं, हे तर डोळ्यांनी पाहिलेलं. गाडी फलाटाला लागली. त्यांनी तुळजाबाईला फोन लावला.

"दादा, काय म्हणतोस? दोनदा फोन यून गेला त्यांचा."

"तुळजे, पोरगं गरीब हाय स्वभावानं. त्याच्या कार्यक्रमात म्या भर मधी नाम धरलं, सगळा इस्कोट केला. दुसरा असता तर अंगावर आला असता. ह्यो हात जोडून उभा. बघायला या म्हणून सांग..."

"थांब, थांब. शिवांजली मागायलीय फोन."

शिवांजली फोनवर फारशी येत नसे. तिचा आवाज हळू होता. "मामा, एक विचारू?"

"इचार की बाळ."

"तुमी नाम धरलं तवा त्याचं तोंड कसं झालतं? हात जोडल्यावरचं नको. पहिलं. अगदी पहिल्यांदा."

बलभीमरावांनी ते तोंड आठवायला घेतलं. कंडक्टर घंटी वाजवत होता.

"मामा?"

"डोळं मिटलं होतं गं माझं," ते म्हणाले.

 तिनं टोमणा मारला नव्हता, पण चार वर्षांत कुणी न बोललेलं सगळं त्या एका प्रश्नात होतं.

"ठेव फोन. तासाभरात सांगतो," ते म्हणाले, आणि गाडी त्यांच्यासमोरून निघून गेली.

टॉकीजात उत्कर्ष एकटाच शेंगांची फोलफटं झाडत होता. बलभीमरावांना बघून झाडू थांबला. "काका, काय राहिलं का?"

"राहिलं. म्या मधी नाम धरलं, तवा तुमी चिडला होता का? खरं सांगा."

पोरानं झाडू भिंतीला लावला. बलभीमरावांनी ह्या वेळी पापणी लवू दिली नाही. त्याच्या हातावरचे डाग आता उजेडात नीट दिसत होते. विडीचे नव्हते. उकळत्या खव्याचे शिंतोडे.

"चिडलो होतो," तो म्हणाला. "लई चिडलो होतो. तेवढी एक जागा सगळ्यांनी गप बसून बघावी, त्यासाठी तर आणला होता हा पिच्चर. हे टेबल लाथंनं उडवावं वाटलं. बटण दाबून थांबवला अन् बाहेर जाऊन उभारलो, त्या बांबूंपाशी. तिकडं एक लाथ मारली बी. पाय दुखायलाय अजून." तो जरा ओशाळून हसला. "आत आलो तवा तुमी अजून म्हणतच होता. मग काय, हात जोडले. दुसरं काय सुचलंच न्हाय."

बलभीमरावांनी त्याच्या पायाकडं बघितलं. तो खरंच एका पायावर भार देऊन उभा होता.

"अन् मला काय बोलला न्हाईत?"

"तुमी थोरले. अन् तुमी मुद्दाम थोडंच केलं? परंड्याहून आलेल्या माणसाला काय बोलावं?"

हे मात्र बलभीमरावांना लागलं. दिवसभरात ह्या टॉकीजात खोटं बोललेला माणूस एकच होता, आणि तो पोराची परीक्षा घ्यायला आला होता.

"मी परंड्याचा न्हाय," ते म्हणाले. "धुळाप्पा बी न्हाय. तेरचा बलभीम. सृष्टीचा मामा."

उत्कर्षचं तोंड बघण्यासारखं झालं. बलभीमरावांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. आधी पांढरं पडलं, मग लाल झालं, मग एकदम म्हणाला, "म्हंजे गेलं का सगळं?"

"ते माझ्या हातात न्हाय आता," बलभीमराव म्हणाले, आणि म्हणताना त्यांना स्वतःलाच सुटल्यासारखं वाटलं.

बाहेर येऊन त्यांनी फोन लावला. उचलला शिवांजलीनंच, हातात धरूनच बसली असावी. त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. बांबू, लाथ, दुखरा पाय, सगळं. एक शब्द पदरचा घातला नाही.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चिडलो होतो, असं आपल्या तोंडानं म्हणला?"

"व्हय. दोनदा."

"आमचं माणूस कधी चिडायचंच न्हाय, मामा. कधी विचारा. 'मी कुठं चिडलो?' असंच." ती पुढं म्हणाली, "त्यास्नी सांगा, बघायचा कार्यक्रम नको. पोहे नको, पाट नको. पुढच्या बाजारी मी अन् सृष्टी येतो पिच्चर बघाय. सतरंजीवर बसतो. तिचं तिला बघू द्या. मी बी बघते."

"अन् मी?"

"तुमी या की. पण नाम धरायचं न्हाय."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. ती सृष्टी असावी.

पुढची गाडी साडेसहाला होती. बलभीमराव बाजारात गेले. रिकामी पिशवी घेऊन घरी जाणं बरं दिसत नव्हतं. त्यांनी अर्धा किलो खवा घेतला, पण उत्कर्षच्या भट्टीचा नाही, शेजारच्या भट्टीचा. अजून काही ठरलेलं नव्हतं. एवढ्यात मिंधं व्हायचं कारण नव्हतं.

हॉटेलासमोरून जाताना कल्याणप्पानं हाळी दिली, "काय मामा, घेतली का शेरडं?"

"पुढच्या बाजारी!" बलभीमराव म्हणाले, आणि खिशातून डबी काढून, भर रस्त्यात, कपाळाला बुक्का लावला.